शमीच्या चित्रावरचे हळदकुंकवाचे बोट

प्रति,
माननीय प्रदर्शन अधिकारी,
'अमिरातीची झाडे' वनस्पतिचित्र प्रदर्शन,
चित्र-स्वीकार व जतन विभाग, दुबई.

दिनांक : १२ जानेवारी २०२६

विषय : सौ. समिधा धनंजय धुरी यांच्या 'घाफ' या चित्राची खालची कड कापू नये, याबाबत.

संदर्भ : १) आपल्या विभागाचे समिधा यांना आलेले ईमेल, दि. ५ जानेवारी (मुलाने मला वाचून व समजावून सांगितले).
२) मी स्वतः दोन वेळा आपल्या कार्यालयात आलो होतो. साहेब मीटिंगमध्ये होते.

महोदय,

मी खाली सही करणारा भिकाजी रामा धुरी, वय एकोणसत्तर, राहणार मूळ तालुका मालवण, सध्या मुलगा धनंजय याच्याकडे देरा येथे, हा अर्ज मराठीत देत आहे. इंग्रजी किंवा अरबी मला लिहिता येत नाही. आपल्या कार्यालयातील मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही आपल्या भाषेत लिहा. मी भाषांतर करून साहेबांच्या टेबलावर ठेवते." मराठी अक्षरेही मी चाळिशीनंतर शिकलो, त्यामुळे लिहिण्यात उणे-अधिक असेल तर तो दोष माझा समजावा, मॅडमांचा नव्हे.

१. समिधा ही माझी सून. ती एका शिपिंग कंपनीत हिशेबाचे काम करते आणि सुट्टीच्या दिवशी झाडांची चित्रे काढते. आपल्या प्रदर्शनासाठी तिने घाफ निवडला. घाफ म्हणजे आमच्याकडची शमी. पाने तोडून घरी आणली की थोड्याच वेळात मिटतात, म्हणून ती दर शनिवारी पहाटे मुशरीफ पार्कात जाऊन झाडाजवळ बसून काढत असे. मार्च-एप्रिलमध्ये फुले, मग शेंगा धरेपर्यंत थांबून शेंगा. एकच फांदी, पण झाडावर जेवढी तेवढीच कागदावर, बारीक काट्यांसकट. आठ महिने हे काम चालले. चित्राचा फोटो पाहून आपण ते स्वीकारले, त्याबद्दल आम्ही सर्व आपले आभारी आहोत.

२. माझी पत्नी कावेरी या शनिवारांना समिधाबरोबर जात असे. चटईवर बसायची, थर्मासमधला चहा द्यायची आणि झाडाशी बोलायची. ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा रस्त्याकडेला घाफ बघून तिने गाडी थांबवायला लावली होती. "अवो, ही आमची देवळामागली शमी! ही हय कशी इली?" असे तिने मला विचारले. मी इतकी वर्षे या देशात काढली, रोज त्या झाडाखालून गेलो, पण ती शमी आहे हे मला ठाऊक नव्हते. मी मुसफ्फा येथे लोखंडी जाळ्या आणि गेटे करण्याच्या कारखान्यात होतो. तिथे मान वर करून झाड बघावे असा प्रसंग आला नाही.

चित्र पुरे झाल्याशिवाय कुणाला दाखवायचे नाही असा समिधाचा नियम आहे. त्यामुळे शेजारी बसूनही कावेरीने ते पाहिलेले नव्हते.

३. आता डागाविषयी. आपल्या ईमेलमध्ये त्यास 'अन्नपदार्थाचा डाग' म्हटले आहे आणि तो कशाचा आहे याचा खुलासा मागितला आहे. खुलासा असा की, तो डाग हळद आणि कुंकू यांचा आहे. हळद आम्ही जेवणातही घालतो हे खरे, पण ही जेवणातली नव्हती. त्यामुळे कागदाला कीड लागेल का, असेही विचारले आहे. आमच्याकडे तांदळाला कीड लागू नये म्हणून डब्यात हळकुंड घालून ठेवतात. कागदाबद्दल मी खात्रीने सांगू शकत नाही.

४. हे दसऱ्याच्या सकाळी घडले. त्या दिवशी आम्ही ज्याच्यावर पोट चालते त्या हत्यारांची पूजा करतो. इथे दसऱ्याला सुट्टी नसते, म्हणून सगळे ऑफिसला जाण्याआधीच उरकायचे होते. पाटावर धनंजयचा लॅपटॉप, गाडीची चावी, माझी जुनी ग्राइंडरची पाती, नात शुभ्रा हिची पुस्तके आणि समिधाचे ब्रश मांडले होते. कावेरी वाटी घेऊन सगळ्यांना हळदकुंकू लावत फिरत होती. फ्रिज आणि वॉशिंग मशीनसुद्धा तिने सोडले नाही. धनंजय म्हणाला, "आये, आता लिफ्टला पण लाव." ती म्हणाली, "लावतंय, तू आधी बाजूक हो."

समिधाने चित्र त्याच दिवशी आपल्या कार्यालयात द्यायचे म्हणून जेवणाच्या टेबलावर बटर पेपरखाली ठेवले होते. कावेरीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चष्मा देवघरात राहिला होता. तिने बटर पेपर उचलला आणि तिला फांदी दिसली. दसऱ्याच्या दिवशी पांढऱ्या कागदावर शमीची फांदी म्हणजे सुनेने पूजेसाठीच आणून ठेवली, असे तिला वाटले. "काय गो समिधा, शमी हाडलंस आणि हिका कुंकू कोणी लावूक नाय?" असे म्हणून तिने फांदीच्या बुडाशी हळदीचे बोट टेकवले, त्यावर कुंकू लावले आणि मला सोने म्हणून द्यायला एक पान खुडायला गेली. पान हाताला येईना. तिने पुन्हा खुडून पाहिले. मग तिने बोटांनी कागद चाचपला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अवो, ह्या चित्र आसा मा!" आणि हळदीच्याच हाताने तोंड झाकून हसायला लागली. तिच्या ओठांना आणि नाकाला हळद लागली.

शुभ्रा ओरडली, "आजी, दॅट्स मम्माज पेंटिंग! डोन्ट टच!" तेव्हा कुठे आपण सुनेचे चित्र खराब केले हे कावेरीला कळले. समिधा स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. थोड्या वेळाने बाहेर येऊन सासूला म्हणाली, "असू दे आई. मी काढते." तिने मऊ रबराने कुंकू बरेचसे उचलले. हळद निघाली नाही. कावेरी दिवसभर देवघरासमोर बसून होती आणि संध्याकाळी जेवली नाही. रात्री समिधाने जबरदस्तीने तिला दोन घास भरवले आणि म्हणाली, "इतकी खरी वाटली ना तुम्हाला फांदी? मग माझं काम झालं." ते ऐकून कावेरी पुन्हा हसली.

त्यानंतर दिवाळीच्या आधीच कावेरी गेली. तिचे हृदय आधीपासून कमजोर होते. तिच्या जाण्याचा दसऱ्याच्या प्रकाराशी काही संबंध नाही. समिधाच्या मनात तशी शंका येते, म्हणून हे मुद्दाम लिहिले आहे.

५. आपल्या ईमेलप्रमाणे चित्रासोबत काचेखाली परकी वस्तू राहू देत नाहीत, आणि सर्व फ्रेमा एकाच मापाच्या मागवलेल्या आहेत, त्यामुळे खालची कड चार सेंटिमीटर कापून चित्र वर सरकवून बसवण्यात येईल. फांदीच्या बुडाचा थोडा भाग त्यात जाईल. या गोष्टीस समिधाने संमतीची सही दिलेली आहे.

तिच्या सहीबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. त्या दिवशी ती घरी आली ती दारातच चप्पल न काढता उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मी सही करून आले. नाहीतर चित्र यादीतून काढणार होते. तुम्ही म्हणत असाल तर मी आत्ता फोन करते, चित्र परत मागवते." मीच नको म्हणालो. चित्र लागलेच पाहिजे. कावेरीने गावात फोन करकरून सांगितले होते की तिच्या सुनेने काढलेली शमी दुबईत मोठ्या ठिकाणी लागणार आहे. गावातल्या बायांनी विचारले की शमीच्या चित्रात काय मोठे, तर ही म्हणाली, "तुमी काढून दाखवा." अशा माणसाच्या मागे ते चित्र गुंडाळून कपाटावर ठेवणे मला बरे वाटत नाही.

६. आपल्या कार्यालयातील फॉर्मवर 'अर्जदाराचा चित्राशी संबंध' असा रकाना आहे. त्यात चित्रकार, मालक, संस्था आणि इतर असे चार पर्याय आहेत. मी 'इतर' समोर खूण केली. पुढे तपशील लिहायला अर्धी ओळ दिलेली आहे. तिथे 'डाग लावणारीचा नवरा' असे मी लिहिले होते. खिडकीवरच्या साहेबांनी ते खोडून 'कुटुंबीय' असे लिहायला लावले. तसे लिहिले आहे. परंतु त्या अर्ध्या ओळीत जे मावले नाही ते पुढच्या कलमात सांगत आहे. ते वाचण्याची कृपा व्हावी.

७. मी या देशात आलो तेव्हा लग्नाला दोन वर्षे झाली होती. कावेरी गावी राहिली. त्यानंतर मी दोन वर्षांनी एकदा रजेवर जात असे. बाकीचा संसार पत्रांवर झाला. कावेरीला लिहिता येत नव्हते आणि तेव्हा मलाही वाचता येत नव्हते. तिचे पत्र शेजारची मुलगी विभावरी लिहायची आणि मुसफ्फाच्या खोलीत ते आमच्यातला जो कोणी शिकलेला असेल तो मोठ्याने वाचायचा. खोलीत दहा-बारा माणसे असत. एकदा तिने लिहून पाठवले की, रात्री अंगणात कोणी उभे आहे असे वाटते, तुम्ही असता तर उठून बघितले असते. ते वाचून झाल्यावर पुढचे कित्येक दिवस मी जेवायला बसलो की कोणीतरी विचारायचे, "भिकाजी, अंगणात कोण उभो आसा रे?" त्यांच्या मनात वाईट नव्हते. माणसे कंटाळलेली असतात. पण त्यानंतर मी पहिलीचे पुस्तक मागवले आणि कामावरून आल्यावर अक्षरे गिरवू लागलो.

मी वाचायला शिकलो, तरी पत्र कावेरीच्या हातचे झाले नाही. शब्द तिचे, पण अक्षर विभावरीचे. विभावरीला जे लिहायला लाज वाटेल ते कावेरी सांगतच नसणार. मी लिहिलेलेही तिला तीच मुलगी वाचून दाखवायची. आमच्या दोघांत कायम एक तिसरे माणूस बसलेले असे. फक्त एक गोष्ट कावेरी स्वतः करायची. आमच्याकडे शुभ पत्राच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावण्याची पद्धत आहे. ती कशाही पत्राला लावायची. म्हैस मेल्याचे कळवले त्यालाही लावले होते. पत्र पुरे झाले की विभावरीच्या हातून कागद घेऊन ती कोपऱ्यावर बोट टेकवायची. त्या कागदावर तिचे स्वतःचे एवढेच असे. मी वाचायला शिकल्यावरही आधी ते बोट बघत असे आणि मग अक्षरांकडे वळत असे.

ती सगळी पत्रे मी एका पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. देऱ्याला आल्यावर घरात जागा नाही म्हणून पेटी इमारतीच्या तळघरातल्या स्टोअरमध्ये ठेवली. २०२४ च्या एप्रिलमधल्या पावसात तळघरात पाणी भरले. पेटी उघडली तेव्हा आत एकच लगदा होता. कावेरी तेव्हा इथेच होती. ती म्हणाली, "जाऊ दे, आता मीच हय आसंय मा." आणि तेव्हा मला तेवढे वाईट वाटले नाही, कारण ती खरेच समोर उभी होती.

८. कावेरीचे फोटो घरात आहेत. मोबाइलमध्ये चार-पाच व्हिडिओही आहेत. त्यात ती बहुतेक "पुरे कर, पुरे कर" असे म्हणते आणि हात आडवा धरते. हे सर्व मी नाकारत नाही. पण ते दुसऱ्यांनी तिचे काढलेले आहे. चित्राच्या कडेला जे आहे ते तिने स्वतः लावलेले आहे. समिधाकडे चित्र काढायचे भिंग आहे. सही करून आली त्या रात्री तिने डागाचा मोबाइलवर काढलेला मोठा फोटो मला त्या भिंगातून दाखवला. पिवळ्यात बोटाच्या रेषा दिसतात. त्या रेषांना आडवा छेद देणारी एक बारीक पांढरी ओळ आहे. अननस कापताना तिला विळी लागली होती, त्याची ती खूण. ती जखम झाली तेव्हा मी रजेवर घरी होतो आणि चिंधी मीच बांधली होती.

९. गेल्या आठवड्यात मी आपल्याकडे आलो तेव्हा आपल्या फ्रेम विभागातील वासिफ यांची भेट झाली. ते प्रथम म्हणाले, "चाचा, टेन्शन मत लो, पाँच मिनट का काम है. ब्लेड मारा, खलास." मी त्यांना वरील हकिकत सांगितली. तेव्हा ते म्हणाले, "मेरे पास और भी फ्रेम हैं. गुरुवार तक मैं वो बनाता हूँ. उसके बाद ऊपर से जो बोलेंगे, वो करना पड़ेगा, चाचा." आणि त्यांनी मला पाणी दिले. वासिफ यांनी माझ्यासाठी काही नियम मोडला असे कृपया समजू नये. त्यांनी कामाचा क्रम बदलला एवढेच. त्यांना याबद्दल काही बोलणे ऐकावे लागू नये.

गुरुवार म्हणजे १५ तारीख. म्हणून हा अर्ज तातडीचा समजावा.

१०. तरी माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

प्रथम, शक्य असल्यास चित्र आहे तसेच लावावे. खाली चिठ्ठी लावून, हा डाग चित्रकाराच्या सासूने पूजा करताना लावला, असे लिहिले तरी आमची हरकत नाही. लोक हसले तरी चालेल. कावेरीही हसली होती.

हे शक्य नसल्यास, डागावर जाड कागदाची चौकट बसवून तो झाकावा, पण कापू नये. मी आयुष्यभर लोखंडाच्या चौकटी केल्या. लाकडाचे काम मला जमत नाही, पण आपण माप दिल्यास वेगळ्या मापाची एक फ्रेम देऱ्यातल्या सुताराकडून मी करवून आणीन. ती बाकीच्या फ्रेमांच्या रंगाशी जुळेल याची जबाबदारी माझी.

हेही नियमात बसत नसल्यास, डाग ज्या काचेखाली राहील ती काच महिन्यातून एकदा उघडून कागद तपासण्याची व्यवस्था करावी. प्रदर्शन चालू असेपर्यंत मी दर महिन्याला, किंवा आपण म्हणाल तर दर आठवड्याला, स्वतः येऊन शेजारी उभा राहीन. माझा व्हिसा मुलाच्या नावावर आहे आणि मला दुसरे काही काम नाही.

यापैकी काहीच होत नसेल आणि कड कापावीच लागत असेल, तर कापावी. समिधाचे चित्र अडवून ठेवण्याची माझी इच्छा नाही. मात्र कापलेली पट्टी टाकून न देता मला परत द्यावी. ती चार सेंटिमीटर रुंद आणि चित्राच्या रुंदीइतकी लांब असेल. पूर्ण पट्टी देता येत नसल्यास, डागाच्या दोन्ही बाजूंना बोटभर कोरी जागा सोडून तेवढाच तुकडा द्यावा. तेवढीही जागा देता येत नसल्यास, फक्त डाग. चित्राचा भाग म्हणून त्यावर आम्ही हक्क सांगणार नाही. तसे आपण लिहून मागितल्यास मी लिहून देईन आणि सही करीन.

११. आणखी एक. हा अर्ज आपल्या हाती पडेपर्यंत कड कापली गेली असेल आणि पट्टी कचऱ्यात गेली असेल, असेही होऊ शकते. आपल्याकडे कामे पुष्कळ आहेत, त्यात कुणाचा दोष नाही. तसे झाले असल्यास कृपया मला ते कळवू नये. समिधालाही कळवू नये. उत्तरच पाठवू नये. सरकारी असो की खाजगी, कार्यालयातून उत्तर यायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. मी पट्टीची वाट बघत आहे असे धरावे, आणि मलाही ती बघू द्यावी.

तसदीबद्दल क्षमा असावी.

आपला नम्र,
भिकाजी रामा धुरी
देरा, दुबई

सोबत :
१) समिधा यांच्या संमतीपत्राची प्रत.
२) डागाचा मोठा केलेला फोटो, एक.
३) कापलेली पट्टी सासऱ्यांना देण्यास हरकत नाही, असे समिधा यांचे पत्र. हे तिने स्वतःहून दिले. मी मागितले नव्हते.
४) रिकामे पाकीट, एक. पट्टीच्या मापाचे मी घरी चिकटवून केले आहे. पत्ता लिहिलेला आहे. आत पुठ्ठा घातला आहे, त्यामुळे घडी घालावी लागणार नाही.